सहल आणि ‘पैसे वसूल’

परीक्षा आटोपल्या, कापसाचे उरलेसुरले पैसे हाती आले, की आपल्या भागातील घरोघरी एकच प्रश्न निघतो : यंदा कुठे जायचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे. मामाचे गाव, फार तर माहूर किंवा शेगाव. आता उत्तर मुलेच घेऊन येतात. रामोजी, वॉटर पार्क, नाही तर थेट खोपोलीचे इमॅजिका. वर्गातला कुणी सोबती जाऊन आलेला असतो, त्याचे फोटो सगळ्यांनी मोबाईलवर पाहिलेले असतात, आणि मग घरात हट्ट सुरू होतो. बापालाही वाटते, आपल्याला लहानपणी मिळाले नाही, निदान लेकराला तरी मिळावे. यात चूक काहीच नाही.

परंतु मे महिना सरता सरता दवाखान्यात एक वेगळाच रुग्णवर्ग दिसू लागतो. कुणाचे डोके तीन दिवसांपासून उतरत नाही, कुणाची कंबर धरली आहे, मुलाचे पोट बिघडले आहे, आजीला लघवीला जळजळ होते आहे, एरवी ठीक असलेला रक्तदाब वाढला आहे. कारण विचारले तर उत्तर येते, “काही नाही डॉक्टरसाहेब, फिराले गेल्तो.” सुट्टी म्हणजे विश्रांती असे आपण धरून चालतो. मग सुट्टीवरून आलेला माणूस औषध मागायला का येतो, याचा थोडा विचार आज करू.

अमेरिकेतील थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांनी १९६७ मध्ये ताण मोजण्याची एक पट्टी तयार केली. आयुष्यात घडणाऱ्या ४३ गोष्टी घेऊन प्रत्येकीला त्यांनी गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, १०० गुण. लग्नाला ५०. या यादीत ‘सुट्टीची सहल’ हीसुद्धा आहे आणि तिला १३ गुण आहेत! वाचकांना हे वाचून हसू येईल. पण त्यांचे म्हणणे साधे होते. गोष्ट सुखाची असो की दुःखाची, तिच्यासाठी नेहमीची घडी मोडावी लागली की शरीर आणि मन यांना नव्याने जुळवून घ्यावे लागते आणि त्याची किंमत पडते. आता त्याच यादीतील सहलीबरोबर येणाऱ्या गोष्टी पाहा. झोपेच्या वेळा बदलणे १६, खाण्याच्या सवयी बदलणे १५, नातेवाईकांशी गाठीभेटी वाढणे १५, छोटे कर्ज १७ आणि सासरच्या मंडळींशी कुरबुर २९. सहलीचे १३ धरून बेरीज १०५ होते. ही पट्टी अमेरिकेतली आहे, ढोबळ आहे, आणि तिचे गुण वर्षभराचे मिळून धरायचे असतात, हे खरे. तेव्हा कुणी ही बेरीज फार मनावर घेऊ नये. पण सासू, नणंद, दोन लेकरे आणि उसनवारीचे पैसे घेऊन जी सून एका जीपमधून हैदराबादला जाऊन आली आहे, तिला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

या थीम पार्कचा जन्म कसा झाला तेही सांगण्यासारखे आहे. वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधील लाकडी घोड्यांच्या फिरत्या पाळण्यावर नेत. मुली फिरत आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसून राहत. आईबाप आणि मुले दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा असावी, हा विचार तिथे सुचला, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. १७ जुलै १९५५ रोजी त्यांचे डिस्नेलँड उघडले. पहिल्या दिवशी बनावट तिकिटांमुळे बोलावल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसे आत शिरली. उन्हाचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता, ताजे डांबर इतके मऊ पडले की बायकांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या, आणि नळ बसवणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची बरीच ठिकाणे कोरडी होती. ऊन, गर्दी आणि पाण्याची टंचाई ही तक्रार थीम पार्कच्या पहिल्या दिवसाइतकी जुनी आहे.

आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. त्याची दूरदर्शनवरील जाहिरात त्या काळच्या मुलांना तोंडपाठ होती, पण मुकुटबनच्या मुलांना गोराई चंद्राइतकेच दूर होते. १९९६ मध्ये हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी झाली. जगातील सर्वांत मोठे चित्रपट संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद झाली, आणि आपल्या भागाला प्रथमच असे ठिकाण जवळचे वाटू लागले. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, पुढे निर्मल, आर्मूर, कामारेड्डी आणि हैदराबाद. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले तेव्हा नोकरदार मंडळी तिकडेही जाऊ लागली. जवळ म्हणायचे, पण रात्रभराचा प्रवास आहेच. आणि रामोजी हैदराबादच्या अलीकडे नसून शहर ओलांडून पलीकडे, विजयवाड्याच्या रस्त्यावर आहे, हे पुष्कळांना सकाळी शहराच्या गर्दीत अडकल्यावरच कळते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोठ्या उद्यानांचे तिकीट आज माणशी हजार रुपयांच्या पुढे आहे. सहा माणसांचे कुटुंब, गाडीभाडे, मुक्काम, जेवण असा हिशेब केला तर आकडा कुठे जातो ते वाचकांना मी सांगायला नको. एवढे पैसे मोजल्यावर माणसाच्या तोंडी एकच शब्द येतो : वसूल. “पैसे वसूल करा लागते ना, डॉक्टरसाहेब!” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की या दुखण्याचे नावच मी वसुली ठेवले आहे. दार उघडायच्या आधी पोहोचायचे, एकही पाळणा सोडायचा नाही, जेवणात वेळ घालवायचा नाही, सावलीत बसायचे नाही, आणि दार बंद होईपर्यंत बाहेर पडायचे नाही. शेतात मजूर लावल्यासारखे आपण स्वतःलाच राबवतो. घरी राहून कुणी दहा तास उन्हात चाललो असतो का? पण तिकीट काढले की चालतो.

वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेत आपण सगळेच लहानपणी गेलो आहोत. आकाशपाळण्याचा एक फेरा, जिलेबी, एखादे खेळणे, आणि मग झाडाखाली बसून भाकरी. जत्रेला आत जायचे तिकीट नव्हते म्हणून वसुलीही नव्हती. कंटाळा आला की माणूस घरी येई. लहान मूल मांडीवर झोपले तर कुणाचे काही बुडत नसे.

वसुलीचा ताण कुणावर कसा पडतो ते वेगवेगळे असते. बापाला पैशाची आणि वाहनाची काळजी. आईचे काम तर दुप्पट होते. चार दिवस आधीपासून चिवडा, धपाटे, कपडे, औषधे, आणि तिथे गेल्यावर सर्वांच्या पिशव्या, सर्वांची भूक, सर्वांची लघवी. घरच्या कामातून सुट्टी मिळावी म्हणून निघालेली बाई घरचेच काम अनोळखी जागी, चुलीविना आणि मोरीविना करीत असते. म्हाताऱ्या माणसांना चालवत नाही, तसे सांगितले तर इतरांचा विरस होईल म्हणून ते बोलत नाहीत. पिशव्या सांभाळत दिवसभर बाकावर बसून राहतात. डिस्नेंचा बाक आता आजीच्या वाट्याला आला आहे, आणि शेंगदाणेही नाहीत, कारण बहुतेक ठिकाणी बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत.

पण सर्वांत मोठे ओझे मुलांवर असते असे माझे मत आहे. “तुझ्यासाठी एवढे केले” या वाक्याचे ओझे. मुलाने दिवसभर आनंदी असलेच पाहिजे. फोटोत हसले पाहिजे. रडले, कंटाळले, भ्याले, तर तो कृतघ्नपणा ठरतो. शेजारच्या एका गावातील आठ वर्षांच्या मुलाला गेल्या काही वर्षांपूर्वी त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. तीन वर्षे बंद असलेले अंथरुणात लघवी होणे पुन्हा सुरू झाले होते. अशा वेळी लघवीतील जंतू आणि साखर आधी पाहावी लागते. दोन्ही तपासण्या चांगल्या आल्या. कधीपासून, असे विचारल्यावर आई म्हणाली, सहलीवरून आल्यापासून. हळूहळू गोष्ट उलगडली. एका उंच पाळण्यावर बसायला मुलगा तयार नव्हता. तासभर रांगेत उभे राहून ऐनवेळी तो मागे फिरला. वडिलांनी त्याला ओढून बसवले, उतरल्यावर तो ओकला, आणि मग परतीच्या सगळ्या वाटेवर चुलतभावंडांनी त्याला ‘भित्रा’ म्हणून चिडवले. मोठेही हसले. वडील दुष्ट नव्हते हो. मुलगा धीट व्हावा आणि पैसे वाया जाऊ नयेत, या दोन चांगल्या हेतूंनी त्यांनी हे केले होते. मी औषध दिले नाही. चिडवणे बंद करा, ओल्या अंथरुणावरून रागावू नका आणि त्या पाळण्याची भीती मलाही वाटली असती असे त्याला एकदा सांगा, एवढेच वडिलांना सांगितले. त्यांना ते जड गेले, पण त्यांनी सांगितले. महिनाभरात अंथरूण कोरडे राहू लागले.

भीती वाटणे हा शरीराचा शहाणपणा आहे. २००७ मध्ये जर्मन डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांच्या छातीला यंत्र लावून त्यांना रोलर कोस्टर म्हणजे चढउतारांच्या वेगवान गाडीत बसवले. नाडीचे सरासरी ठोके मिनिटाला ९१ वरून १५३ वर गेले. निरोगी माणसाला हे सोसते. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, फिट येतात, मानेचा वा मणक्याचा आजार आहे किंवा अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी, आणि गरोदर स्त्रियांनी, अशा पाळण्यांत मुळीच बसू नये. पाळण्याजवळ तशी पाटी असते. पाटीवर लिहिलेल्या उंचीत मूल बसत नसेल तर टाचा उंच करायला सांगू नये. ती उंची मुलाला धरून ठेवणारा पट्टा त्याच्या अंगाला नीट बसावा म्हणून असते.

आता शरीराच्या बाजूने पाहू. सहलीतील निम्मी भांडणे ही खरे तर भूक, तहान आणि झोप यांची भांडणे असतात. रात्रभर जीपमध्ये अवघडून बसलेला माणूस सकाळी ताजा नसतो. न झोपलेल्या मुलाला आपल्याला झोप आली आहे हे कळत नाही, ते किरकिर करते. उपाशी माणूस लवकर चिडतो. दुपारी दोनच्या सुमारास, रांगेत, ४० अंशांच्या उन्हात नवरा-बायकोचे जे भांडण होते त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि पाण्याचा भाग मोठा असतो. घाम गेला, पाणी प्यायले नाही, तर डोके दुखते, चक्कर येते, पायात गोळे येतात, चिडचिड वाढते. अशा वेळी कुणाचे काय चुकले याची चर्चा न करता सावलीत बसून पाणी, ताक किंवा क्षारसंजीवनी घ्यावी. तिची पुडी ज्या मापाची असेल तेवढ्याच पाण्यात, म्हणजे मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण विरघळवावी. उन्हातला माणूस बरळू लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर मात्र तो उष्माघात समजून त्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि इस्पितळ गाठावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. कारण सर्वांना ठाऊक आहे, वाटेत स्वच्छ शौचालय मिळत नाही. रात्री निघाल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लघवी दाबून ठेवायची, मग जळजळ आणि ताप. सहलीनंतर आजीला आणि आईला होणाऱ्या त्रासाचे हे फार मोठे कारण आहे. गाडी ठरवताना ‘दर दोन-अडीच तासांनी चांगल्या पंपावर थांबायचे’ हे चालकाला आधीच सांगून ठेवावे. घरच्या पुरुषाने हे सांगितले तर बाईला मागावे लागत नाही.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी दोन शब्द. एरवी घरात बसणारा माणूस दिवसभर चालला आणि जेवण लांबले तर साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. इन्सुलिनची बाटली उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, ती निकामी होते. नवी चप्पल घालून जाऊ नये. पायाला फोड आला तर घरी आल्यावर बघू म्हणू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल त्यांनी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने ती बंद करू नये.

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा या वयात अधिक असतो. कान सांगतो की आपण हलतो आहोत आणि मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट बळी जाते. मोबाईल काढून घ्यावा, समोरचा रस्ता दाखवावा, निघण्यापूर्वी तेलकट देऊ नये. गोळी द्यायची तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी आणि वजनाप्रमाणे विचारून द्यावी.

अपेक्षेबद्दल एक गंमतीची गोष्ट सांगतो. हॉलंडमध्ये १५३० माणसांचा अभ्यास करून २०१० मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारे लोक जाण्यापूर्वीच इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परत आल्यावर मात्र त्यांच्यात आणि घरी राहिलेल्यांत फरक उरला नव्हता. अपवाद फक्त ज्यांची सहल अगदी निवांत झाली त्यांचा. याचा अर्थ सहलीला जाऊ नये असा मी घेत नाही. जाण्याआधीचे दिवस हे सहलीचाच भाग आहेत, तेही तिकिटात मिळालेले आहेत, असा मी घेतो. नकाशा काढून मुलांना वाटेतील गावे दाखवा, नद्या मोजायला सांगा. गोदावरी कुठे ओलांडायची हे मुलालाच शोधू द्या. हा आनंद फुकट आहे आणि त्याला रांग नाही.

दुसरा प्रयोग डॅनियल कानेमन यांचा. पुढे २००२ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोनदा गार पाण्यात हात धरायला लावला. एकदा १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण या शेवटच्या वेळात पाणी हळूच एका अंशाने कमी गार केले. यातले कोणते पुन्हा कराल असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी लांबलेला प्रयोग निवडला! त्रास जास्त वेळ झाला, पण शेवट बरा झाला. आठवणीत गोष्ट किती वेळ चालली हे फारसे राहत नाही. तिचा सर्वांत तीव्र क्षण आणि तिचा शेवट राहतो. आता आपल्या सहलीचा शेवट कसा होतो ते आठवा. थकलेली मुले, दारालगतच्या दुकानात महागड्या खेळण्यासाठी रडारड, बापाचा चढलेला आवाज, अंधारात न सापडणारी गाडी. म्हणून दार बंद होण्याच्या दीडदोन तास आधी, सगळे हसत असताना, बाहेर पडावे. दोन पाळणे राहिले तर राहू द्यावेत. बाहेर शांतपणे चहा प्यावा.

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षक कुटुंबाने मागच्या खेपेला घरातील प्रत्येकाला एकच गोष्ट निवडायला सांगितली. आजीने आगगाडीसारखी गाडी निवडली, कारण तिच्यात बसायला मिळते. आईने दुपारी एक तास सावलीत नुसते पडून राहणे निवडले आणि त्या तासात तिला कुणी काही मागायचे नाही असे ठरले. सहा माणसांच्या सहा गोष्टी झाल्या की बाकी सारे वरकड. खर्च आधीच कागदावर लिहिला, मुलांनाही दाखवला, आणि खाऊचे पैसे मुलांच्या हातात दिले. धाकट्याने ते परत आणून गल्ल्यात टाकले, हे ऐकून मला फार मौज वाटली.

परत आल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होऊ नये. रजेतला शेवटचा दिवस घरी झोपण्यासाठी राखावा आणि त्या दिवशी स्वयंपाक बाईंवर टाकू नये. अंगदुखी, थकवा दोन-तीन दिवसांत जातो. रक्तदाबाच्या रुग्णांनी आठवड्याने एकदा दाब मोजून घ्यावा. वॉटर पार्कमधून आल्यावर कान ठणकत असेल, डोळे लाल झाले असतील, जुलाब थांबत नसतील, तर दाखवावे. आणि लघवीची जळजळ होऊन थंडी वाजून ताप आला असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी यावे, मग दवाखाना बंद करायची वेळ झालेली असली तरी चालेल.